काचपेटीतला विदूषक मासा आणि त्याचे घर

हैदराबाद हे तळ्यांचे शहर आहे. हुसेनसागर, उस्मानसागर, हिमायतसागर ही नावे ज्याने ऐकली नाहीत असा माणूस दख्खनच्या पठारावर विरळाच. साहजिकच या शहराला मासा म्हणून जो ठाऊक आहे तो गोड्या पाण्याचा. तेलुगूत ज्याला कोर्रमीनू म्हणतात तो आपला मरळ मासा २०१६ साली तेलंगणाचा राज्यमत्स्य ठरला. मृग नक्षत्राच्या प्रारंभी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याचे औषध म्हणून हजारो लोकांच्या घशाखाली जो उतरतो तोही लहानसा जिवंत मरळच. त्या औषधाचा गुण वैद्यकशास्त्राने मान्य केलेला नाही. मासा मात्र निःसंशय मरळ असतो, त्याच्या ओळखीविषयी कोणाचा वाद नाही.

वाद आहे तो दुसऱ्याच एका माशाविषयी. समुद्र या शहरापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर, आणि शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंच. तरीही शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांतून खाऱ्या पाण्याची काचपेटी दिसते. तीत बोटाएवढा, नारिंगी रंगाचा, अंगावर तीन पांढरे पट्टे ओढलेला एक मासा डुलत डुलत पोहत असतो. लहान मुले त्याला 'निमो' म्हणतात. दुकानदार कधी 'क्लाउन' म्हणतो, कधी ऐटीत 'पर्क्युला' असे शास्त्रीय नाव सांगतो. हा विदूषक मासा. तो नेमका कोणत्या जातीचा, कोणत्या समुद्रातला, आणि तिथे तो राहतो कोठे, हे तीन प्रश्न विचारले की उत्तरे बहुधा चुकीची मिळतात. त्यांतही 'पर्क्युला' हे नाव तर हटकून चुकते.

एवढ्याशा माशाच्या नावाचा इतका घोळ कशासाठी, असे ऐकणाऱ्याला वाटेल. परंतु सागरी जीवशास्त्रात नाव हा पत्ता असतो. प्रवाळभित्तीवरील मासे आपल्या जागेला इतके चिकटून असतात की जात निश्चित झाली म्हणजे समुद्राचा कोणता भाग, किती खोली, आणि शेजारी कोण, एवढे सारे कळते. उलट जात चुकली म्हणजे ज्या जागी तो मासा कधी नव्हता तिथे तो आहे असे नोंदले जाते, आणि जिथे तो खरोखर आहे व संकटात आहे तिथे त्याची कोणी चौकशी करीत नाही.

हे मासे ॲम्फिप्रिऑन या वंशातले. योहान श्नायडर यांनी १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे नाव प्रथम आले. तो ग्रंथ मुळात बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांचा; १७९९ मध्ये ते वारले आणि श्नायडर यांनी तो पुरा केला. ब्लॉख यांचे स्मरण या प्रसंगी करावयास हवे, कारण त्यांच्या संग्रहातील अनेक मासे तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीहून गेले होते. तेथील जॉन नावाचे मिशनरी ते मद्यात बुडवून जर्मनीस पाठवीत. दोन ग्रीक शब्द जोडून बनलेल्या या वंशनामाचा अर्थ 'दोन्ही बाजूंस करवत' असा आहे. माशाच्या कल्ल्यांवरील झाकणांच्या कडा दातेरी असतात, त्यावरून ते सुचले. ही खूण भिंगाखाली चटकन दिसते. पेटीच्या बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पुढील वर्षी, १८०२ मध्ये, फ्रेंच संशोधक लासेपेद यांनी पर्क्युला या जातीचे वर्णन केले, आणि १८३० मध्ये क्युव्हिए यांनी ओसेलारिस या जातीचे. घोटाळ्याचे मूळ या दोन नावांत आहे. दोन्ही मासे नारिंगी, दोघांनाही तीन पांढरे पट्टे: एक डोक्यामागे, दुसरा पोटाच्या मध्यावर, तिसरा शेपटीच्या मुळाशी. मधला पट्टा दोघांतही पुढच्या बाजूस थोडा फुगलेला असतो. त्यामुळे सुमारे दीडशे वर्षे पुस्तकांत आणि बाजारात या दोघांची सरमिसळ चालू होती. जेराल्ड ॲलन यांनी १९७२ साली या सर्व माशांचे वर्गीकरण नव्याने मांडले आणि शास्त्रापुरता तो गुंता बराचसा सुटला. बाजारात तो आजही आहे.

आता हे दोन मासे वेगळे कसे ओळखावयाचे? रंगावर जाणारा माणूस इथे फसतो. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांना जाड काळी किनार असते आणि ओसेलारिसच्या पट्ट्यांना अगदी बारीक किंवा मुळीच नसते, असे सर्रास सांगितले जाते. पूर्ण वाढलेल्या माशाच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरे आहे. पण पर्क्युलाच्या पिलांत ही जाड किनार नसते, आणि मोठ्यांतही ती कमीअधिक असते. ऑस्ट्रेलियाच्या डार्विन बंदराच्या परिसरात तर ओसेलारिसचा नारिंगी रंगच नाहीसा होऊन तेथे काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा आढळतो. रंग हा साक्षीदार आहे, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

निकाल देतात ते काटे. माशाच्या पाठीवरील पर, ज्याला पृष्ठपक्ष म्हणतात, त्याच्या पुढील भागात टणक काटे असतात आणि मागील भागात मऊ किरण. ओसेलारिसच्या पृष्ठपक्षात सामान्यतः ११ काटे असतात, क्वचित १०. पर्क्युलात सामान्यतः १०, क्वचित ९. कल्ल्यामागच्या जोडपरांत, म्हणजे अंसपक्षांत, ओसेलारिसचे किरण बहुधा १७ भरतात, पर्क्युलाचे १६. दोन्ही मोजण्या एकत्र घेतल्या म्हणजे संशयाला फारशी जागा उरत नाही. ओसेलारिसचा काटेरी पृष्ठपक्ष पर्क्युलापेक्षा उंच असतो, आणि पर ताठ उभारलेला असताना बाजूने घेतलेल्या छायाचित्रातही हे दिसते. आणखी एक खूण डोळ्याची आहे. पर्क्युलाच्या बाहुलीभोवतीचे वलय झगझगीत नारिंगी असते, ओसेलारिसचे करडेपणाकडे झुकणारे. म्हणून ओसेलारिसचा डोळा दुरून मोठा काळा ठिपका वाटतो, तर पर्क्युलाची काळी बाहुली लहान आणि रेखीव दिसते. हैदराबादच्या दुकानात काचेबाहेर उभे राहून पाहणाऱ्याला ही डोळ्याची खूण सर्वांत उपयोगी पडेल. काटे मोजू देण्याइतका वेळ मासा स्थिर राहत नाही.

एवढे पाहिले की दुकानातला 'पर्क्युला' बहुतेक वेळा ओसेलारिस निघतो. २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटाने हा मासा घरोघर पोचवला. चित्रपटातील कथा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट बॅरियर रीफवर सुरू होते, आणि त्या भित्तीच्या उत्तर भागात या दोघांपैकी निसर्गतः राहतो तो पर्क्युला. मुलांनी मागणी केली ती चित्रपटातल्या माशाची. पेटीत आला तो त्याचा चुलतभाऊ.

या चुलतभावांचे मुलूख मात्र स्वच्छ वेगळे आहेत. पर्क्युलाचे राज्य उत्तर क्वीन्सलंड, न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि वानुआटू एवढ्या भागात सामावते. ओसेलारिसचे राज्य पश्चिमेकडे आहे: अंदमान समुद्र, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, उत्तरेस तैवान व जपानची र्‍यूक्यू बेटे, आणि दक्षिणेस ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा. म्हणजे भारताच्या हद्दीत हा नारिंगी त्रिपट्टी मासा आढळला तर तो अंदमान-निकोबारचा, आणि तो ओसेलारिसच. पर्क्युला भारतीय समुद्रात नाही. कोणी अंदमानात पर्क्युला पाहिल्याचे सांगितले तर आधी त्याच्या डोळ्याचा रंग विचारावा.

भारताच्या इतर समुद्रांत विदूषक मासे नाहीत असे नव्हे. त्यांचा पोशाख निराळा आहे. रामेश्वरमच्या दक्षिणेस मन्नारच्या आखातात सेबी जातीचा मासा मिळतो. अंग गडद तपकिरी, शेपटी पिवळी, पट्टे दोनच, आणि मधला पट्टा तिरका होऊन वर पृष्ठपक्षात शिरलेला. बटाव्हियात राहणाऱ्या ब्लेकर नावाच्या डच वैद्यांनी १८५३ साली त्याचे नामकरण केले ते आल्बर्टुस सेबा यांच्या स्मरणार्थ. सेबा हे ॲमस्टरडॅमचे औषधविक्रेते, आणि त्यांचा प्राणिसंग्रह त्या काळी युरोपात गाजलेला होता. या सेबीचा क्लार्की नावाच्या जातीशी हमखास गोंधळ होतो. क्लार्कीच्या शेपटीच्या मुळाशी तिसरा पांढरा पट्टा असतो, सेबीच्या नसतो. लक्षद्वीपकडे गेले तर नायग्रिपिस ही जात भेटते. तिला डोक्यामागे एकच पट्टा आणि पोट व पोटाखालचे पर काळे. मालदीव, श्रीलंका आणि लक्षद्वीप एवढाच तिचा संसार. विदूषक माशांच्या एकूण तीसएक जाती जगात आहेत आणि त्या सर्व हिंदी व प्रशांत महासागरांतल्या. अटलांटिकमध्ये एकही नाही.

आणि आता घर. प्रवाळभित्तीवर राहणारा मासा असे या विदूषकाला म्हटले जाते, पण प्रवाळ हे त्याचे गाव, घर निराळे. त्याचे घर म्हणजे समुद्रपुष्प. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे, प्रवाळाचा नातेवाईक. फरक इतकाच की प्रवाळ आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा उभारतो आणि समुद्रपुष्प मऊच राहते. खडकाला बूड चिकटवून ते वर शेकडो संस्पर्शक पसरते. प्रत्येक संस्पर्शकात सूक्ष्म दंशकोशिका असतात. त्यांना स्पर्श झाला की विषारी तंतू सुटून लहान मासा लुळा पडतो. अशा या विषारी गादीवर विदूषक मासा लोळतो. कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्गसंशोधकाने १८६८ मध्ये चिनी समुद्रातील प्रचंड समुद्रपुष्पांत मासे राहतात असे लिहिले तेव्हा ते वाचकांना मोठे नवल वाटले.

माशाला विष का बाधत नाही, याचे उत्तर त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरणात आहे. दंशकोशिकांना चेतवणारी द्रव्ये त्यात इतर माशांपेक्षा कमी असल्याचे दिसून आले आहे. काही जातींना नव्या समुद्रपुष्पाची सवयही करून घ्यावी लागते. मासा आधी शेपटी टेकवतो, मग पोट, आणि हळूहळू आत शिरतो. नव्या घरात उंबऱ्याबाहेरच घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा. हे बिऱ्हाड एकतर्फी मात्र नाही. समुद्रपुष्पाचे संस्पर्शक कुरतडून खाणारे फुलपाखरी मासे आले की विदूषक त्यांच्यावर तुटून पडतो. आकाराने दुप्पट असलेल्या माशालाही तो भीत नाही. त्याच्या उत्सर्गातील अमोनिया समुद्रपुष्पाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना खत म्हणून उपयोगी पडतो. ही शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. यामुळेच समुद्रपुष्पांना उथळ आणि स्वच्छ पाणी लागते, आणि म्हणून ओसेलारिसही साधारणतः १५ मीटर खोलीच्या आतच सापडतो.

जगात समुद्रपुष्पांच्या जाती हजारावर असल्या तरी विदूषक माशांना घर देणाऱ्या अवघ्या दहा. त्यांतही निवड कडक आहे. ओसेलारिस तीन जातींची समुद्रपुष्पे पसंत करतो. हेटरॅक्टिस मॅग्निफिका या नावाने दीर्घकाळ ओळखली गेलेली जात त्यांत प्रमुख. तिचे बूड जांभळे किंवा तांबडे असते, आणि काही वेळा ती मीटरभर रुंद होते. लक्षद्वीपचा नायग्रिपिस तर या एकाच जातीवर राहतो. सेबीला गालिच्यासारखे पसरणारे हॅडोनी हे समुद्रपुष्प हवे. तेव्हा पाण्याखाली माशाचे छायाचित्र घेणाऱ्याने त्याखालच्या समुद्रपुष्पाचेही, शक्य तर त्याच्या बुडापर्यंत, छायाचित्र घ्यावे. यजमान कळला की पाहुण्याच्या ओळखीचे अर्धे काम झाले. अनेक हौशी छायाचित्रकार माशाचा डोळा टिपण्याच्या नादात हेच नेमके चौकटीबाहेर ठेवतात.

या घरातील कुटुंबव्यवस्था मोठी चमत्कारिक आहे. एका समुद्रपुष्पावर एक मादी, एक नर, आणि त्यांच्याखाली उतरत्या आकाराचे काही अविवाहित असे बिऱ्हाड असते. मादी सर्वांत मोठी, नर तिच्याखालोखाल. बाकीचे लहानच राहतात; वाढले तर वरचा त्यांना हाकलून देतो, आणि हाकललेल्याला उघड्या समुद्रात कोणीतरी गिळतो. मादी मेली की नर काही काळात मादी बनतो आणि खालच्या रांगेतील पहिला मासा नराची जागा घेतो. जन्मतः यांच्यात मादी कोणीच नसते. दुकानात एकाच आकाराची जोडी घेऊन 'नर-मादी' म्हणून सांगितले जाते, त्याला म्हणून काही अर्थ नाही. काही महिन्यांत त्यांचे ते ठरवतात आणि मग एक झपाट्याने वाढू लागतो. पर्क्युला निसर्गात तीस वर्षांपर्यंत जगत असावा असा संशोधकांचा हिशोब आहे. बोटाएवढ्या माशाला हे आयुष्य फारच झाले, आणि ते समुद्रपुष्पाच्या संरक्षणामुळे शक्य होते.

मादी समुद्रपुष्पाच्या बुडाशी, खडक साफ करून, अंडी घालते. त्यांच्यावर पहारा नराचा. तो परांनी वारा घातल्यासारखे पाणी हलवतो, खराब झालेली अंडी तोंडाने वेचून काढतो. आठवडाभराने, रात्रीच्या अंधारात, पिले बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर उघड्या समुद्रात जातात. आठ ते बारा दिवस हे काचेसारखे पारदर्शक डिंभ तरंगत राहतात, आणि मग त्यांना घर शोधावे लागते. न्यू गिनीच्या किंबे उपसागरातील एका बेटावर पर्क्युलाच्या पिलांचा माग काढण्यात आला, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बेटावर स्थायिक झालेल्या पिलांपैकी सुमारे साठ टक्के पिले तिथलीच होती. दहा दिवस समुद्रात वाहून ती जन्मगावी परतली होती. याचा अर्थ असा की एका भित्तीवरचे मासे पकडून संपवले तर शेजारच्या भित्तीवरून ते आपोआप येतील या भरवशावर राहता येत नाही.

समुद्रपुष्पे आणि प्रवाळ यांच्या शरीरात शैवाले राहतात हे वर आलेच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून तापले की यजमान ही शैवाले बाहेर टाकतात. मग अंगातील रंग जातो, पांढरा सांगाडा आतून दिसू लागतो, आणि उष्णता लवकर उतरली नाही तर प्रवाळ उपासमारीने मरतो. समुद्रपुष्पेही अशीच पांढरी पडतात आणि आकसतात. याला प्रवाळ-विरंजन म्हणतात. लक्षद्वीपच्या भित्तींनी १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठी विरंजने सोसली. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील चौथे विरंजन जाहीर झाले त्यातही त्या होत्याच. १९९८ पासूनच्या चोवीस वर्षांच्या पाहणीत अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन ३७ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर आलेले आढळले.

विदूषक माशावर याचा परिणाम कसा होतो? फ्रेंच पॉलिनेशियातील मूरिया बेटाजवळ २०१६ च्या सुमारास एक अभ्यास झाला. पांढऱ्या पडलेल्या समुद्रपुष्पांवरील जोड्या मरत नव्हत्या, दुसरीकडे जातही नव्हत्या. पण त्यांनी दिलेली जिवंत अंडी ७३ टक्क्यांनी घटली, आणि त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वाढले. घर सोडता येत नाही, आणि घरात संसार होत नाही. २०२३ च्या उष्ण लाटेत किंबे उपसागरातील पर्क्युलांचे महिन्यामहिन्याला मोजमाप घेण्यात आले, तेव्हा त्यांतील बहुतेक मासे लांबीने कमी झालेले दिसले. हाडांचा प्राणी आखूड होतो हे प्रथम कोणाला खरे वाटेना. पण जे आखूड झाले ते अधिक संख्येने जगले. विशेषतः जोडीदारासह आखूड झालेले.

आणि इथे हैदराबाद पुन्हा येते, आणि या वेळी काचपेटीच्या निमित्ताने नव्हे. शहराच्या वायव्येस, प्रगतिनगर भागात, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. १९९९ साली स्थापन झालेली ही संस्था आद्याक्षरांवरून इन्कॉइस म्हणून ओळखली जाते. कोकणातला मच्छीमार कोणत्या भागात मासळी मिळण्याचा संभव अधिक याची सूचना ऐकतो, ती इथूनच निघते. २००७ पासून त्सुनामीचा इशाराही इथून दिला जातो. समुद्राचे हे कार्यालय पठारावर कसे, असे कोणी विचारतात. पण उपग्रहाला समुद्र सर्वत्र सारखाच दिसतो आणि त्सुनामीच्या वेळी कार्यालय किनाऱ्यावर नसलेलेच बरे.

इन्कॉइसने २०११ पासून प्रवाळ-विरंजनाचा इशारा देण्याची व्यवस्थाही चालू केली. अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात या प्रवाळ-प्रदेशांवर उपग्रह समुद्रपृष्ठाचे तापमान मोजतात. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून पाणी किती अंशांनी अधिक तापले, आणि तशी स्थिती किती आठवडे टिकली, यांचा गुणाकार करून हिशोब मांडला जातो. एक अंशाची जादा उष्णता चार आठवडे राहिली म्हणजे चार अंश-आठवडे झाले. दोन अंशांची दोनच आठवडे राहिली तरी चारच. चारच्या पुढे आकडा गेला की विरंजन दिसू लागते. आठच्या पुढे प्रवाळ मरण्याचा संभव असतो. चूल किती पेटली आणि किती वेळ पेटत राहिली, या दोहोंवरून भाकरी करपली की नाही हे ठरवावे, तसाच हा हिशोब. इशारा मिळाला म्हणून पाणी थंड करता येत नाही. परंतु त्या काळात भित्तीवर नांगर टाकणे, जाळी ओढणे, पर्यटकांच्या बोटी नेणे थांबवता येते, आणि पाणबुड्या संशोधकांना नेमके कोठे व केव्हा पाहावयाचे हे कळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्रात बुडालेला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा पठारही आहे. त्यांची पाहणी लक्षद्वीपइतकी बारकाईने व्हावी असे कोणाही मराठी माणसास वाटेल.

राहता राहिला प्रश्न पेटीतल्या माशाच्या जन्माचा. प्रवाळ आणि त्यांचे तुकडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. पेटी सजवण्यासाठी भारतीय समुद्रातून जिवंत प्रवाळ काढणे गुन्हा ठरतो. विदूषक माशाची गोष्ट निराळी: तो माणसाच्या हाताखाली प्रजनन करतो. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रात सेबी व ओसेलारिस यांची पैदास करण्याची पद्धत बसवण्यात आली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही विदूषक माशांची पैदास होते. पेटीत जन्मलेला मासा ओळखण्याची एक खूण अशी, की त्याच्या पट्ट्यांत खंड पडलेला, एखादा पट्टा अर्धवट राहिलेला, किंवा पांढरा रंग अंगभर पसरलेला असा प्रकार पुष्कळदा दिसतो. निसर्गातील पट्टे सामान्यतः सलग व नीटस असतात. त्यामुळे व्यंग असलेला मासा घेणारा ग्राहक नकळत भित्तीवरील मासा वाचवतो. अलीकडे मात्र नीटस पट्ट्यांचे मासेही पैदास केंद्रांतून मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत, तेव्हा एवढ्यावरून खात्री देता येत नाही. दुकानदाराला पैदास केंद्राचे नाव विचारावे, आणि पेटीच्या चिठ्ठीवर 'पर्क्युला' ऐवजी 'ओसेलारिस' लिहावयास सांगावे. मग माशाच्या डोळ्याकडे पुन्हा एकदा पाहावे.